यूएफसी ४ मध्ये जमिनीवरचा ताबा : नव्याने खेळू लागणाऱ्यांसाठी

बेळगाव आणि आसपासच्या गावांत वाढलेल्या माणसाला कुस्ती कुणी बसवून शिकवावी लागत नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा एखाद्या गावच्या यात्रेच्या मैदानात वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेल्या कुस्त्यांमधून पट, ढाक, घिस्सा हे शब्द लहानपणीच कानांवर पडतात, आणि वरचा पैलवान आता काय करणार याचा अंदाज आपोआप बांधता येऊ लागतो. म्हणूनच यूएफसी ४ हा पिंजऱ्यातल्या लढतींचा व्हिडिओ गेम प्लेस्टेशनवर पहिल्यांदा लावला, तेव्हा उभ्याने ठोसे मारणे मला जमो न जमो, प्रतिस्पर्धी एकदा खाली आला की पुढचे आपले आहे, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पहिले तीन-चार महिने मी ज्याला पाडत असे तोच मला हरवत असे. तो खालून सरकून वर येई, माझ्या हाताला किंवा गळ्याला पकड घाली, नाहीतर माझा दम संपेपर्यंत थांबून शांतपणे उठून उभा राही. यामागची कारणे मला कुणी सांगितली नव्हती. ती सापडायला बराच काळ गेला. तुमचा तो काळ वाचावा यासाठी हे लिहीत आहे.

लेखातली बटणे प्लेस्टेशनची आहेत. एक्सबॉक्सवर खेळत असाल तर एल२ च्या जागी एलटी, आर२ च्या जागी आरटी, चौकोनाच्या जागी एक्स आणि त्रिकोणाच्या जागी वाय असे वाचावे. खेळातला मजकूर मराठीत नाही, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या इंग्रजी नावांचे उच्चार मी तसेच ठेवले आहेत आणि गरज आहे तिथे अर्थ सांगितला आहे. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याला मी ‘सरकणे’ म्हणेन आणि समोरच्याचे सरकणे रोखण्याला ‘अडवणे’. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण जमिनीवरची जवळजवळ सगळी लढत या दोन क्रियांची आहे.

१. खेळायला बसण्यापूर्वी हाताशी काय असावे

यूएफसी ४ ऑगस्ट २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांसाठी आला, आणि त्यांच्या पुढच्या पिढीच्या यंत्रांवरही तो चालतो. त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला यूएफसी ५ मात्र फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या नव्या यंत्रांवरच चालतो. हा फरक न पाहता डिस्क घेणे ही पहिली चूक. खानापूरचा माझ्या ओळखीचा एक मुलगा शहरातल्या एका दुकानातून प्लेस्टेशन ४ साठी यूएफसी ५ ची डिस्क घेऊन गेला, आणि ती बदलून घेण्यासाठी त्याला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. वेष्टनावर यंत्राचे नाव छापलेले असते. ते वाचूनच पैसे द्यावेत. तुमच्या यंत्राला डिस्क घालायची खाच आहे का, हेही आधी पाहावे, कारण काही यंत्रांना ती नसते. संगणकासाठी यांपैकी एकही खेळ निघालेला नाही, त्यामुळे कुणी संगणकावरची प्रत विकत देऊ लागला तर सरळ नकार द्यावा.

याखेरीज पुढील गोष्टी लागतील :

– उजवी स्टिक निर्दोष असलेला कंट्रोलर. हात न लावता स्टिक आपोआप एका बाजूला ओढली जात असेल, तर जमिनीवर तुम्ही डावीकडे अडवायला जाल आणि खेळ ते वेगळेच काही समजेल. जुना कंट्रोलर घेताना हे तपासल्याशिवाय घेऊ नका.

– ‘गेम मोड’ असलेला टीव्ही. तो मोड चालू केला नाही तर बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत उशीर पडतो. उभ्या लढतीत तो फारसा जाणवत नाही. खाली मात्र त्या उशिरामुळे अडवण्याची वेळ निघून जाते.

– ऑनलाइन खेळायचे असेल तर प्लेस्टेशन प्लसचे सभासदत्व, आणि राउटरपासून यंत्रापर्यंत जोडलेली तार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात पावसाने वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून यंत्र आणि टीव्ही इन्व्हर्टरवर असले तरी राउटरलाही बॅटरीचा आधार आहे याची खात्री करा. क्रमवारीची लढत अर्धवट तुटली की ती हरल्यात जमा होऊ शकते.

– एक साधी वही आणि पेन. तिचा उपयोग पाचव्या पायरीत सांगितला आहे, आणि ती गोष्ट मी गांभीर्याने सांगत आहे.

२. कुस्तीचे दोन संस्कार बाजूला ठेवा

मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती निकाली. त्यामुळे समोरचा उताणा पडला की आपले मन नकळत सैल पडते. मिश्र युद्धकलेत, म्हणजे एमएमएमध्ये, उताणा पडलेला माणूस हरलेला नसतो. तो पायांनी तुमची कंबर वेढून घेतो आणि तिथून लढतो. या स्थितीला गार्ड म्हणतात. ज्युदोतून ब्राझीलमध्ये वाढलेल्या जिउ-जित्सूने ही स्थिती इतकी धारदार केली की खालून हात मोडण्यापर्यंत किंवा गळा आवळण्यापर्यंत मजल जाते. याचे सर्वांत बोलके उदाहरण यूएफसीच्या, म्हणजे ज्या खऱ्या एमएमए लढतींवर हा खेळ बेतला आहे त्यांच्या, सुरुवातीच्या काळातले आहे. १६ डिसेंबर १९९४ रोजी टल्सा शहरात झालेल्या चौथ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत डॅन सेव्हर्न या जाडजूड कुस्तीगिराने आपल्यापेक्षा कितीतरी हलक्या रॉईस ग्रेसीला खाली पाडले आणि पंधरा मिनिटांहून अधिक काळ तो वरच राहिला. तरीही शेवटी ग्रेसीने पाठीवर पडल्या पडल्या आपल्या पायांच्या त्रिकोणात त्याची मान आणि हात अडकवून त्याला हार मानायला लावली. आखाड्याच्या नियमाने सेव्हर्न केव्हाच जिंकला असता. खेळात उतरण्यापूर्वी हे उदाहरण मनात पक्के बसवा.

दुसरा संस्कार याहून घातक आहे. कुस्तीत अडचणीत आलेला पैलवान पालथा होतो, पोट मातीला चिकटवतो आणि पाठ वर ठेवतो, कारण चीत होण्यापासून वाचण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. एमएमएमध्ये पालथे होणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठ देणे, आणि पाठीवर बसलेल्या माणसाला तुमचा गळा मोकळा मिळतो. मागून गळा आवळण्याची पकड या खेळप्रकारातली सर्वांत भरवशाची पकड मानली जाते. मी स्वतः घाबरलो की दर वेळी पालथा होत असे, आणि ही सवय मोडायला मला बाकी सगळ्या गोष्टी शिकण्याहून जास्त दिवस लागले.

कुस्तीकडून घ्यायची एकच गोष्ट आहे, पण ती फार मोलाची : ताबा. चांगला पैलवान मागे जाऊन कब्जा घेतल्याशिवाय डावाची घाई करत नाही. इथेही आधी ताबा, मग ठोसा, हाच क्रम.

३. पाच स्थिती नजरेने ओळखा

बटणे पाठ करण्यापूर्वी आपण कुठे आहोत हे क्षणात ओळखता यायला हवे. खालच्याचे दोन्ही पाय तुमच्या कमरेभोवती असतील तर तो फुल गार्ड. इथे वर असूनही तुमचा ताबा सर्वांत कमी असतो. त्याच्या दोन पायांत तुमचा एकच पाय अडकला असेल तर हाफ गार्ड. तुम्ही त्याच्या छातीवर आडवे पडलेले असाल आणि त्याचे पाय पूर्णपणे सुटलेले असतील तर साइड कंट्रोल. त्याच्या पोटावर किंवा छातीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसला असाल तर माउंट. आणि तो पालथा किंवा कुशीवर असून तुम्ही त्याच्या पाठीला चिकटलेले असाल तर बॅक माउंट. आणखीही स्थिती आहेत, पण या पाच ओळखता आल्या की बाकीच्या मधल्या पायऱ्या म्हणून समजत जातात.

एक युक्ती सांगतो. हातमोज्यांकडे पाहू नका, खालच्याच्या गुडघ्यांकडे पाहा. गुडघे तुमच्या कुठल्या बाजूला आहेत यावरून स्थितीही कळते आणि तो कुठे सरकणार याची पहिली चाहूलही तिथेच लागते.

४. नियंत्रणाची पद्धत ठरवा आणि खाली पाडा

यूएफसी ४ मध्ये ग्रॅपल असिस्ट नावाची सोय आहे. ती चालू असताना डावी स्टिक वर केली की उठण्याचा प्रयत्न होतो, डावीकडे नेली की पकडीकडे आणि उजवीकडे नेली की ठोशांना सोयीच्या स्थितीकडे तुमचा लढवय्या जातो. मधला मार्ग खेळच निवडतो. पहिले आठ-दहा दिवस ही सोय वापरायला हरकत नाही. पण तिच्यावर विसंबून राहिलात तर कोणत्या क्षणी कोणत्या बाजूला सरकायचे हे तुम्ही कधीच ठरवत नसता, आणि थोडा अनुभवी खेळाडू तुमचा मार्ग ओळखून बसतो. म्हणून लवकरच सेटिंगमध्ये जाऊन जुन्या पद्धतीचे, म्हणजे लेगसी नियंत्रण घ्यावे. त्यात उजवी स्टिक ज्या दिशेला झटकाल त्या दिशेचे सरकणे होते, आणि एल१ दाबून धरून स्टिक झटकली की त्याच स्थितीतले अधिकचे पर्याय मिळतात. कोणत्या दिशेला काय आहे हे पडद्यावर दिसत असते. सरावाच्या काळात ते दिसणे बंद करू नका.

पाडण्यासाठी एल२ आणि चौकोन म्हणजे एकेरी पट (एक पाय धरून पाडणे), एल२ आणि त्रिकोण म्हणजे दुहेरी पट (दोन्ही पाय धरून). समोरचा पट काढू लागला तर एल२ आणि आर२ एकत्र दाबून तो मोडता येतो. पट केव्हा काढावा हे आपल्या मैदानांत पाहिलेल्या खडाखडीवरून सहज समजेल : समोरचा काहीतरी करण्यात गुंतलेला असताना. तो ठोसा किंवा लाथ मारत असतानाच्या क्षणी काढलेला पट बहुधा लागतो. तो स्वस्थ उभा राहून तुमची वाट पाहत असताना काढलेला पट मोडतो आणि तुमचा दमही घेऊन जातो. दम अर्ध्याच्या खाली गेला असेल तर पट काढूच नका.

५. अडवणे

आता मुख्य विषय. नवे खेळाडू वर पोहोचले की ठोसे मारत सुटतात, आणि ठोसे मारत असतानाच खालचा सरकून निसटतो. जमिनीवरची खरी लढत आर२ या बटणावर होते. समोरचा सरकू लागला की आर२ दाबून धरायचे आणि तो ज्या दिशेला चालला आहे त्या दिशेला उजवी स्टिक न्यायची. दिशा बरोबर आणि वेळेत असली तर त्याचे सरकणे तिथेच थांबते. अडवण्याच्या दिशा तीनच आहेत : वर, डावीकडे, उजवीकडे. म्हणजे डोळे मिटून अडवले तरी तीनांत एकदा बरोबर येईल. या गोष्टीने मला सुरुवातीला मोठा धीर दिला.

अर्थात अंदाजावर थांबायचे नाही. चुकीच्या दिशेला अडवायला गेलात की बरोबर दिशा धरायला वेळ उरत नाही, म्हणून प्रत्येक हालचालीवर घाईने स्टिक ओढणारा खेळाडू न अडवणाऱ्याइतकाच उघडा पडतो. आधी खालच्याच्या कमरेचा कल पाहा, मग अडवा. सरकणे एका क्षणात पूर्ण होत नाही. सुरू झाल्यावरही तुमच्याकडे थोडा अवकाश असतो, आणि समोरच्याचा दम जितका कमी तितका तो अवकाश मोठा. दमलेला माणूस संथ सरकतो आणि म्हणूनच सहज अडतो. यातून जमिनीवरच्या लढतीचे सारे गणित उभे राहते : अडवले की त्याचा दम जातो, दम गेला की तो संथ होतो, संथ झाला की पुन्हा अडवणे सोपे जाते.

आता वहीचे काम. बहुतेक खेळाडूंची, आणि खेळाने चालवलेल्या नव्हे तर खऱ्या माणसांची तर नक्कीच, एक आवडती दिशा असते. घाबरल्यावर माणूस तिकडेच पळतो. मित्रासोबत खेळताना पाच लढती केवळ त्याची दिशा टिपण्यात घालवा : कोणत्या स्थितीत तो पहिल्यांदा कुठे गेला आणि अडवल्यावर दुसऱ्यांदा कुठे गेला. मी हे सलग दोन आठवडे केले. माझा एक मित्र हाफ गार्डमधून नेहमी आधी उजवीकडे आणि अडवल्यावर वर जात असे, हे वहीत लिहिले जाईपर्यंत मला दिसलेच नव्हते, आणि अंदाजाने त्यालाही ते माहीत नव्हते. वही दाखवल्यावर त्याने ती सवय सोडली, आणि मग आम्हा दोघांचाही खेळ सुधारला.

अडवून झाल्यावर स्वस्थ बसू नका. समोरचा अडला त्या क्षणी थोडा वेळ तुमचे पारडे जड असते, आणि तुमचे स्वतःचे सरकणे त्या वेळी सर्वांत सहज पार पडते. हाफ गार्डमध्ये त्याचे उठणे अडवले की लगेच साइड कंट्रोलकडे जा. कुणी विचारले की जमिनीवर पुढे केव्हा सरकावे, तर माझे उत्तर हेच असते : अडवल्यानंतर. बाकी वेळी पुढे सरकणे म्हणजे जुगार.

६. दमाचा हिशेब

फसलेले प्रत्येक सरकणे दम खाते. एकदा फसले म्हणून चिडून तेच पुन्हा, पुन्हा तेच, असे तिसऱ्यांदा केले की वर असूनही तुमची अवस्था खालच्यापेक्षा वाईट होते, आणि मग तो एका झटक्यात तुम्हाला उलटवतो. मी सुरुवातीला हरलेल्या लढती आठवतो तेव्हा त्यांतल्या बहुतेक ठोशांनी नव्हे, अशा हट्टाने गेलेल्या दिसतात. एकाच दिशेला लागोपाठ दोनदा जाऊ नका. दमाची पट्टी निम्म्यावर आली की सरकणे थांबवा, ताबा धरून राहा, फक्त अडवा आणि पट्टी भरू द्या. वर असलेल्याला थांबणे परवडते. दम जसजसा अनेक फेऱ्यांमध्ये खर्च होतो तसतसा तो पूर्ण भरूनही येत नाही. ५ मिनिटांच्या तीन फेऱ्यांमध्ये पहिल्या फेरीत उधळलेला दम तिसऱ्या फेरीत कुठून आणणार, हा प्रश्न पहिल्या मिनिटापासून डोक्यात असावा. अजिंक्यपदाच्या लढतीत फेऱ्या पाच असतात, तिथे तर हा हिशेब अधिकच कडक.

समोरच्याचा दम काढायला पोटावरचे ठोसे चांगले. डोक्यावरच्या ठोशांनी लढत संपेल अशी आशा सगळ्यांनाच असते; पण तो ताजा असताना डोके झाकून घेतो, आणि तुम्ही आपलाच दम घालवता.

७. पुढे सरकण्याचा क्रम आणि कुठे थांबावे

फुल गार्डमधून हाफ गार्ड, हाफ गार्डमधून साइड कंट्रोल, तिथून माउंट किंवा पाठ, हा सरळ मार्ग. मात्र शेवटपर्यंत गेलेच पाहिजे असे नाही. माझे मत असे की नव्या माणसाने पहिले काही महिने साइड कंट्रोललाच आपले ठाणे मानावे. माउंटमधून ठोसे जबर बसतात हे खरे, पण तिथे पोहोचल्यावर नवशिका हरखून अडवायला विसरतो आणि खालच्याच्या एका उसळीत सगळे गमावतो. साइड कंट्रोलमध्ये कोपरे मारता येतात, बरगड्यांवर गुडघे बसतात, पकडीही उपलब्ध असतात, आणि चूक झाली तरी बहुधा हाफ गार्डवर येऊन थांबता येते.

अंग ताठ करून वर उठून ठोसे मारण्याची सोयही आहे. तिला पोश्चर अप म्हणतात. ठोशात जोर येतो, पण तुमचे वजन खालच्यावरून उठते आणि त्याला निसटायला वाट मिळते. तो पुरता दमला असेल किंवा फेरीचे अर्धे मिनिट उरले असेल तेव्हाच ती वापरावी.

सरावासाठी लढवय्या निवडताना हलक्या वजनगटातला, म्हणजे सुमारे ७० किलोचा, खबीब नूरमागोमेदोव घ्यावा असे मी सुचवेन. वरून दाबून धरण्यात खेळातही तो जबरदस्त आहे, आणि त्याच्या खऱ्या लढती पाहिल्या तर या लेखातले बरेच काही डोळ्यांसमोर येते : तो समोरच्याला पिंजऱ्याच्या जाळीपाशी नेऊन पाय गुंतवून टाकतो, घाई करत नाही, आणि उठायचा प्रत्येक प्रयत्न मोडून काढत समोरच्याला थकवतो. २९ लढतींत एकही न हरता तो ऑक्टोबर २०२० मध्ये निवृत्त झाला.

८. तुम्ही खाली असाल तर

वर सांगितलेले सगळे उलटे वाचा. वरचा दमलेला नसताना सरकू नका. त्याला आधी सरकू द्या, अडवा, आणि अडवल्यानंतरच्या क्षणी आपला मार्ग काढा. थेट उठण्याऐवजी आधी गार्ड परत मिळवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. साइड कंट्रोलखालून एकदम उभे राहायचा प्रयत्न हा नवशिक्याचा सर्वांत महाग पडणारा प्रयत्न आहे. डोक्यावर ठोसे पडू लागले की आर२ ने झाकून घ्या, पण आर२ धरून बसलात आणि स्टिक हलवलीच नाही तर वरचा तेवढ्यात पुढच्या स्थितीत पोहोचेल. झाकणे आणि अडवणे दोन्ही एकाच बटणावर आहेत हे विसरू नका. आणि कितीही मार पडो, पालथे होऊ नका.

९. पकडी, म्हणजे सबमिशन

यावर थोडक्यातच सांगतो, कारण ताबा आला की पकडी मागोमाग येतात आणि ताब्याआधी त्यांच्या मागे लागलेले बहुतेक जण दोन्ही गमावतात. एल२ धरून उजवी स्टिक झटकली की पकड सुरू होते. यूएफसी ४ मध्ये पकड लागली की पडद्यावर दोघांची एकेक पट्टी येते (ही दमाची पट्टी नव्हे); हात-पाय पिरगाळण्याच्या पकडीत एल२ आणि आर२ यांनी ती डावी-उजवीकडे हलवावी लागते, आणि गळा आवळण्याच्या पकडीत तेच काम डाव्या स्टिकने गोलाकार होते. पकड घालणाऱ्याने आपली पट्टी समोरच्याच्या पट्टीवर ठेवायची आणि अडकलेल्याने तिच्यापासून पळत राहायचे. समोरच्याचा दम तुमच्याहून कमी असल्याशिवाय पकड घालू नका.

यूएफसी ५ मध्ये ही पट्ट्यांची लढत काढून टाकली आहे आणि पकडही एका हालचालीतून दुसरीत जाण्यासारखीच पुढे सरकते, त्यामुळे अडवण्याची सवय तिथे आणखी उपयोगी पडते. त्याच खेळात जखम गंभीर झाली तर डॉक्टर लढत थांबवू शकतात, म्हणून वरून मारलेल्या कोपरांचे मोल तिथे जास्त आहे.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. खेळात पाहिलेली गळ्याची पकड घरी भावावर किंवा मित्रावर करून पाहू नका. गळा आवळला की काही सेकंदांत शुद्ध हरपते. शिकायचेच असेल तर तालमीत वस्तादांच्या नजरेखाली शिका.

१०. सराव कसा करावा

पहिला आठवडा खेळातल्या सरावाच्या विभागात घालवा आणि फक्त पाच स्थिती व त्यांच्या दिशा हातात बसवा. दुसऱ्या आठवड्यापासून शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळा. ऑनलाइन लगेच जाऊ नका. आमच्याकडे तीन-चार जणांची बैठक असते, त्यांत एक कन्नड मातृभाषेचा मित्र आहे, आणि खेळत नसलेल्याने समोरच्याची दिशा मोठ्याने सांगायची असा आमचा नियम आहे. तो ‘एडक्क’, ‘बलक्क’, ‘म्याल’ असे ओरडतो आणि डावीकडे, उजवीकडे, वर हे शब्द मनात येण्यापूर्वीच माझा अंगठा वळलेला असतो. भाषा कोणतीही चालेल. दिशा उच्चारली जाणे महत्त्वाचे, कारण त्यामुळे डोळा शिकतो.

तिसऱ्या आठवड्यात हा एक व्यायाम रोज करा. समोरच्याला पाडा, आणि फेरी संपेपर्यंत एकही ठोसा मारू नका, एकही पकड घालू नका. फक्त सरका आणि अडवा. समोरच्याला मात्र सगळे करायची मोकळीक द्या. पहिल्या दिवशी तुम्ही बहुधा एक मिनिटही वर राहू शकणार नाही. किती वेळ राहिलात ते वहीत लिहा. ज्या दिवशी तो आकडा चार मिनिटांच्या पुढे जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ठोसे सुरू करा.